डायलिसिसचं बिल आणि महापालिकेचा पैसा: शहरी गरीब योजना कधी वापरायची, कधी राखून ठेवायची?

पर्वतीपायथा (धागाकर्ती)

पुण्यातल्या शहरी गरीब योजनेबद्दल इथे सारखी विचारणा होते आणि उत्तरं चार धाग्यांत विखुरलेली आहेत, म्हणून हा वेगळा धागा. विषय मुद्दाम अरुंद ठेवलाय. मूत्रपिंडं निकामी झालेला, आठवड्याला दोन-तीन वेळा डायलिसिसवर असलेला रुग्ण, आणि घरचं उत्पन्न जेमतेम. एकदा ऑपरेशन झालं की सुटलो, असा हा आजार नाही. बिल दर आठवड्याला येतं आणि वर्षानुवर्षं येत राहतं. अशा घराला महापालिकेचा पैसा नेमका कुठे उपयोगी पडतो, एवढंच बोलू.

आधी हिशोब. आठवड्याला दोन म्हणजे वर्षाला १०४ डायलिसिस, तीन म्हणजे १५६. एका वेळचे १,५०० रुपये धरले तर तीन वेळा करणाऱ्याचं वर्षाचं बिल २ लाख ३४ हजार. यात रक्तवाढीची आणि लोहाची इंजेक्शनं, दरमहाच्या तपासण्या, रिक्षाभाडं काहीच धरलेलं नाही.

योजना थोडक्यात अशी: पुणे महापालिका हद्दीत राहणारं कुटुंब, पिवळं रेशनकार्ड किंवा वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत. कार्ड कुटुंबाच्या नावाने, आर्थिक वर्षापुरतं. यादीवरच्या खासगी रुग्णालयात सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) दराने होणाऱ्या बिलाचा निम्मा भार महापालिका उचलते. मर्यादा कुटुंबामागे वर्षाला १ लाख. हृदय, मूत्रपिंड आणि कर्करोगासाठी २ लाख. पैसे रुग्णाच्या हातात पडत नाहीत. महापालिका रुग्णालयाच्या नावाने हमीपत्र देते, रुग्णालय तेवढी रक्कम वजा करून उरलेलं रुग्णाकडून घेतं आणि आपलं देयक महापालिकेकडे पाठवतं.

आता वरचा आकडा यात बसवून बघा. २ लाख ३४ हजारांचे निम्मे १ लाख १७ हजार. म्हणजे २ लाखांची मर्यादा डायलिसिसवाल्याच्या आड येतच नाही, आड येतो तो उरलेला अर्धा. वर्षाला १ लाख ६० हजार कमावणाऱ्या घराने त्यातले १ लाख १७ हजार भरायचे कुठून? म्हणून माझं मत असं, की नेहमीच्या डायलिसिसचं बिल या कार्डावर टाकूच नये. ते राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेवर टाकावं आणि शहरी गरीबचं कार्ड त्यात न बसणाऱ्या भरतीसाठी राखून ठेवावं. जाणकारांनी भर घालावी.


समाजसेवा_विभाग

सहमत. फक्त 'फुले योजनेवर टाका' हे म्हणायला सोपं आहे, त्यात कुठे अडतं ते लिहितो.

पहिली अडचण रुग्णालय निवडताना. रुग्णालय योजनेत अंगीकृत (म्हणजे योजनेच्या यादीवर) आहे एवढं पुरत नाही, डायलिसिस ज्या विभागात मोडतं त्या विभागासाठी ते अंगीकृत असावं लागतं. हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी योजनेत असलेलं रुग्णालय डायलिसिसचे पैसे मागेल आणि ते नियमाला धरूनच असेल. दारातला बोर्ड वाचून भरती होऊ नका. आत आरोग्यमित्राचा (योजनेच्या मदतनिसाचा) कक्ष असतो, त्याला 'डायलिसिस योजनेतून होतं का, आणि जागा आहे का' हे दोन्ही वेगवेगळं विचारा. रुग्णालय यादीत असतं पण योजनेच्या रुग्णांसाठीच्या वेळा भरलेल्या असतात, असं फार वेळा होतं.

दुसरी अडचण नावाची. आरोग्यमित्र रेशनकार्डाचा १२ अंकी क्रमांक टाकतो आणि पडद्यावर जे नाव येईल ते आधारशी जुळवतो. रेशनकार्डावर 'बाळू' आणि आधारवर 'बाळासाहेब', लग्नानंतर नाव चढवलेलं नाही, जुनं हस्तलिखित कार्ड अजून ऑनलाइन झालेलंच नाही... इथेच निम्मी माणसं परत जातात. ही दुरुस्ती रुग्णालयात होत नाही, परिमंडळ कार्यालयात किंवा तहसीलच्या पुरवठा शाखेत होते. आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती काम करतं ते दाखवणारी रक्ततपासणी) ८-९ वर गेल्यावर रांगेत उभं राहायला कोणाला वेळ नसतो. नेफ्रॉलॉजिस्टने (मूत्रपिंडतज्ज्ञाने) 'पुढेमागे डायलिसिस लागेल' असं पहिल्यांदा म्हटलं, त्याच आठवड्यात रेशनकार्ड तपासून घ्यावं.

तिसरी, मंजुरीची मुदत. डायलिसिसची पूर्वमंजुरी ठरावीक सत्रांपुरती असते. ती संपली की नवी घ्यावी लागते: ताजे रिपोर्ट, रुग्णाचा फोटो, डॉक्टरची सही. शेवटच्या सत्राच्या दिवशी कागद वर गेला तर पुढच्या सत्राला मंजुरी आलेली नसते आणि 'आजचे पैसे भरा' असं सांगितलं जातं. दोन सत्रं शिल्लक असतानाच आरोग्यमित्राला आठवण करायची.

रकमेचं म्हणाल तर २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने कुटुंबाची मर्यादा दीड लाखावरून ५ लाख झाली, उपचारांची यादी १,३५६ वर गेली (पुढे ती आणखी वाढली) आणि सगळ्या रंगांची रेशनकार्डं योजनेत आली. मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली. त्यामुळे तीन वेळांचं डायलिसिस ५ लाखांत आरामात बसतं. दीड लाखाच्या काळात ते डिसेंबरच्या आसपास संपायचं आणि मग लोक शहरी गरीबकडे वळायचे. 'आधी फुले, मग शहरी गरीब' ही जी सवय लोकांना आहे ती त्या काळातली.

आणि एक. मंजुरी मिळालेल्या सत्रासाठी रुग्णालयाने वरून 'किटचे' किंवा 'औषधांचे' पैसे घ्यायचे नसतात. घेतले तर पावती मागा. पावती द्यायला टाळाटाळ झाली की काय ते समजून घ्या आणि १५५३८८ किंवा १८००२३३२२०० वर तक्रार नोंदवा. तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.


तिसरी_शिफ्ट

डायलिसिस तंत्रज्ञाच्या खुर्चीतून पैशाकडे बघितलं तर सगळ्यात जास्त खर्च डायलिसिसवर होत नाही, ते सुरू होण्याच्या गडबडीत होतो.

बहुतेक गरीब रुग्ण धाप लागलेल्या अवस्थेत येतात. रात्री मानेत तात्पुरती नळी घालतात आणि डायलिसिस सुरू. ही नळी फार दिवस ठेवायची नसते, जंतुसंसर्ग होतो. ताप आला, थंडी वाजली की भरती, अँटिबायोटिक्स, नळी काढून दुसरीकडे नवी. हातावरचा फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) करून घेतला तर हे टळतं, पण तो पिकायला सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणजे फिस्टुला डायलिसिसच्या दोन महिने आधी व्हायला हवा, आणि होतो दोन महिने नंतर. त्या मधल्या काळातल्या भरत्या घराला झोपवतात.

फिस्टुलाची शस्त्रक्रिया फुले योजनेतून होते, तिची मंजुरी डायलिसिसच्या मंजुरीपेक्षा वेगळी घ्यावी लागते. जंतुसंसर्गाची भरती मात्र कुठल्या पॅकेजमध्ये बसवायची यावर वाद होतो आणि कधी नामंजूर होते. धागाकर्त्या ताई म्हणतात ते राखून ठेवलेलं शहरी गरीबचं कार्ड इथे काढायचं.

आणखी एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. बहुतेक केंद्रं दर तीन महिन्यांनी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सीचा रिपोर्ट मागतात. रिपोर्ट जुना झाला तर मशीनवर घेत नाहीत, मंजुरी असली तरी. हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह रुग्णाला वेगळं मशीन लागतं आणि लहान केंद्रात तसं मशीन नसतंच. म्हणून लस वेळेत घ्या. डायलिसिसवाल्यांना ती दुप्पट मात्रेत द्यावी लागते, ०, १, २ आणि ६ महिन्यांनी. चार वेळच्या लशीचा खर्च एका चुकलेल्या भरतीच्या शेजारी ठेवून बघा.

दोन वेळा की तीन वेळा, हेही खिशावर ठरतं. शरीराला तीन लागतात. आपल्याकडे दोनवर भागवतात, कारण दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडते. मग दोन सत्रांमध्ये अंगात पाणी साचतं, पोटॅशियम चढतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी रात्री अतिदक्षता. योजना तीन सत्रांचे पैसे देत असताना दोनच करून घेणं महागात पडतं.


लेखाशीर्ष

जानेवारी-फेब्रुवारीत 'शहरी गरीबचं पत्र रुग्णालय घेत नाही' अशा तक्रारी का वाढतात, ते महापालिकेच्या अंदाजपत्रकाकडे पाहिल्यावर कळतं.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ च्या कलम ६३ प्रमाणे सार्वजनिक रुग्णालयं, दवाखाने आणि वैद्यकीय मदत ही महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं आहेत. पण किती पैसे ठेवायचे हे कलमात नाही. ते दरवर्षी अंदाजपत्रकात ठरतं, आणि शहरी गरीबसारख्या योजनेची तरतूद मागच्या वर्षीच्या प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमी ठेवण्याकडे कल असतो. कागदावर अंदाजपत्रक बसतं. मग डिसेंबरच्या आसपास तरतूद संपत येते आणि दुसऱ्या एखाद्या लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या कलमातून) पैसे वळवावे लागतात. याला वर्गीकरण म्हणतात. प्रस्ताव खात्याकडून लेखा विभागाकडे, तिथून स्थायी समिती, मग मुख्य सभा. मार्च २०२२ नंतर प्रशासक होते तेव्हा हे दोन्ही अधिकार एकाच टेबलावर होते, तरी फाइल फिरायची तेवढी फिरतच होती.

रुग्णालयांच्या बाजूने पाहिलं तर ऑक्टोबरचं देयक फेब्रुवारीतही मिळालेलं नसतं. त्यांना पत्र नाकारायचा अधिकार करारात नसतो, म्हणून 'खाट नाही' असं सांगतात. शिल्लक किती आणि देयकं किती महिन्यांची थकली, हे दोन आकडे माहितीच्या अधिकारात आरोग्य विभागाकडे मागता येतात. ऑक्टोबरमध्ये मागा. फेब्रुवारीत मागून उपयोग नाही, उत्तर येईपर्यंत वर्ष संपतं.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी देशभरातल्या स्थानिक संस्थांना आरोग्यासाठी ७०,०५१ कोटी दिले, मग डायलिसिसला पैसे का नाहीत, असं मागे एकाने विचारलं होतं. तो निधी प्राथमिक आरोग्यासाठी बांधलेला आहे. आरोग्यवर्धिनी केंद्रं, 'आपला दवाखाना', प्राथमिक तपासण्या यावरच खर्च करायचा. रुग्णालयाचं बिल त्यातून देता येत नाही. आपल्याकडे पैसा नसतो असं नाही, तो ज्या शीर्षात असतो ते शीर्ष रुग्णाच्या आजाराशी जुळत नाही.


नाना_सदाशिव

मुळात महापालिकेने खासगी रुग्णालयांची बिलं भरायचीच कशाला? वर्षाला एवढे कोटी त्यांना देण्यापेक्षा स्वतःची डायलिसिस केंद्रं काढा. मशीन काही सोन्याचं नसतं.


तिसरी_शिफ्ट

नाना, मशीन आणणं हा सोपा भाग आहे. गणित मांडतो.

दहा मशीनचं केंद्र घ्या. दिवसाला तीन पाळ्या, एका रुग्णाला चार तास आणि मधे निर्जंतुकीकरण. सोम-बुध-शुक्र एक गट, मंगळ-गुरु-शनि दुसरा. आठवड्याला तीन वेळा करणारे १० × ३ × २ म्हणजे ६० रुग्ण. त्यातलं एक मशीन हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह रुग्णांसाठी आणि एक बंद पडल्यावर लागेल म्हणून राखीव ठेवा, उरले ४८. दहा मशीनचं केंद्र म्हणजे अठ्ठेचाळीस माणसं, आणि ती वर्षानुवर्षं तीच. एकोणपन्नासाव्याला जागा कधी मिळते ते सांगायला नको.

मग पाणी. डायलिसेट (रक्तातली घाण ओढून घेणारं द्रव) मिनिटाला ५०० मिली, चार तासांत १२० लिटर. हे शुद्ध केलेलं पाणी आहे. आरओ संयंत्र जेवढं शुद्ध देतं साधारण तेवढंच, कधी जास्त, बाहेर टाकतं. दहाही मशीन चालली तर दिवसाला तीस सत्रं म्हणजे ३,६०० लिटर शुद्ध पाणी. इमारतीच्या टाकीत तेवढं नसेल, किंवा पंप गेला, तर एक रुग्ण नाही, अख्खी पाळी रद्द होते. महापालिकेच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर केंद्र काढलं की हाच प्रश्न पहिला येतो, आणि दुसरा लिफ्टचा.

बहुतेक महापालिका खासगी भागीदारीत केंद्र चालवतात: जागा, वीज, पाणी पालिकेचं, मशीन, तंत्रज्ञ आणि सामान ठेकेदाराचं, प्रत्येक सत्राला ठरलेला दर. खरी मेख त्या दरात काय काय धरलंय यात असते. डायलायझर (रक्त गाळणारा भाग), ट्यूबिंग, फिस्टुलाच्या सुया, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) हे धरलेलं असतं. इरिथ्रोपोएटिन (रक्तवाढीचं इंजेक्शन), लोह, मासिक तपासण्या धरलेल्या नसतात. मग सत्र ३०० रुपयांत आणि इंजेक्शन बाहेरून. निविदेत डायलायझर किती वेळा पुन्हा वापरायचा आणि नेफ्रॉलॉजिस्ट आठवड्यातून किती वेळा फेरी मारणार, हे लिहिलेलं नसेल तर दर स्वस्त दिसतो एवढंच.


नाना_सदाशिव

म्हणजे निविदा नीट लिहा. केंद्र काढू नका असं कुठे ठरलं?


तिसरी_शिफ्ट

नाही ठरलं. दोन्ही लागतं. केंद्र नेहमीच्या सत्रांसाठी, योजना भरतीसाठी. एकाच्या नावाखाली दुसरं बंद करू नये.


कृष्णाकाठ

हद्दीबाहेरच्यांसाठी लिहितो. बऱ्याच जिल्हा परिषदा स्वनिधीतून, म्हणजे सेसमधून, दुर्धर आजारांसाठी मदत देतात: हृदयरोग, कर्करोग, मूत्रपिंड. रक्कम बहुतेक ठिकाणी १५ हजार, एकदाच. डायलिसिसच्या हिशोबात ती दहा सत्रांची होते. पण ती थेट बँक खात्यात येते. त्यामुळे जिथे कुठल्याच योजनेचा पैसा पोचत नाही तिथे, म्हणजे गाडीभाडं, रक्ततपासणी, बुडालेली मजुरी, तिथे ती कामी येते.

अर्ज प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे द्यायचा. तिथून तालुका आरोग्य अधिकारी, मग जिल्हा आरोग्य अधिकारी. सोबत ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेचा पुरावा, आजाराचं प्रमाणपत्र (बहुतेक ठिकाणी जिल्हा शल्यचिकित्सकांचं), आधार आणि पासबुकाची झेरॉक्स. खासगी डॉक्टरच्या लेटरहेडवरचं प्रमाणपत्र लावून अर्ज परत आल्याची उदाहरणं ढिगाने आहेत. खातं रुग्णाच्याच नावाचं आणि आधारला जोडलेलं हवं. मुलाच्या खात्याचं पासबुक लावलं की फाइल तिथेच थांबते.

तरतूद छोटी असते, 'अर्ज येतील तसे' मंजूर होतात आणि लवकर संपते. एप्रिल-मेमध्ये अर्ज टाका. मागासवर्गीय असाल तर समाजकल्याण विभागातही विचारा. सेसमधला २० टक्के हिस्सा त्या विभागाचा असतो आणि काही जिल्हा परिषदा त्यातून दुर्धर आजाराला वेगळी मदत देतात.

आणि जिल्हा रुग्णालय विसरू नका. २०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, तेव्हापासून सिव्हिलला आणि बऱ्याच उपजिल्हा रुग्णालयांत मोफत डायलिसिस होतं. गावापासून शहराच्या खासगी रुग्णालयापेक्षा ते जवळ असतं. आठवड्याला तीन फेऱ्या म्हटल्यावर अंतर हाच सगळ्यात मोठा खर्च ठरतो.


मांजरी_फाटा

समाविष्ट गावांचं काय? जिल्हा परिषद म्हणते तुम्ही महापालिकेत गेलात, महापालिकेत कार्ड काढायला गेलं की तीन वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा दाखवा म्हणतात आणि जुनी घरपट्टी ग्रामपंचायतीची असते.


पर्वतीपायथा (धागाकर्ती)

२०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं हद्दीत आली, त्या सगळ्यांना हे भोवतंय. ग्रामपंचायतीची घरपट्टी पावती आणि समावेशानंतरची महापालिकेची मिळकतकर पावती, दोन्ही एकत्र जोडा. पत्ता तोच असल्याने सलग वास्तव्य सिद्ध होतं. अर्जावर 'सदर मिळकत समावेशापूर्वी अमुक ग्रामपंचायत हद्दीत होती' एवढं एक वाक्य लिहा आणि जुना मिळकत क्रमांक टाका. भाड्याच्या घरात असाल तर नोंदणीकृत भाडेकरार, जुनं वीजबिल, मतदार यादीतलं नाव. फुरसुंगी आणि उरुळी देवाचीची २०२४ मध्ये स्वतंत्र नगरपरिषद झाली, त्यांना पुण्याचं कार्ड आता लागू नाही; त्यांनी फुले योजना आणि धर्मादाय रुग्णालय हेच धरून चालावं.


समाजसेवा_विभाग

धर्मादायचा विषय निघालाच आहे तर तोही लिहून टाकतो. ती महापालिकेची योजना नाही, पण पुणे-मुंबईत शहरी गरीबपेक्षा जास्त पैसा तिथे आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली आणि उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या. एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी ठेवायची. उत्पन्नमर्यादा निर्धनांसाठी १ लाख ८० हजार, दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार. निर्धन रुग्णाची औषधं आणि सामान खरेदी किमतीला त्या निधीतून जातं. दुर्बल घटकाला औषध-सामानाचा किमान निम्मा भाग भरावा लागतो. तातडीच्या रुग्णाकडे अनामत मागता येत नाही.

डायलिसिसवाल्याला इथे एक ठरलेलं उत्तर मिळतं: 'ही योजना खाटेवर भरती होणाऱ्यांसाठी, तुमची तर डे-केअर.' म्हणून तोंडी विचारू नका. वैद्यकीय समाजसेवकाच्या नावाने लेखी अर्ज, सोबत तहसीलदारांचा उत्पन्न दाखला आणि रेशनकार्ड, आवक शिक्का मारून पोच. नकार द्यायचा तर लेखी द्या म्हणावं. लेखी मागितल्यावर बरंच काही हलतं. राखीव खाटांची रुग्णालयनिहाय स्थिती धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर दिसते, तिथला त्या दिवसाचा स्क्रीनशॉट अर्जाला जोडावा.


परळनाका

मुंबईत चित्र वेगळं. केईएम, सायन, नायर, कूपर ही रुग्णालयं महापालिकेचीच, त्यामुळे इथे बिल भरण्यापेक्षा खाट आणि औषध मिळण्याचा प्रश्न असतो. जे औषध यादीत नाही ते बाहेरून आणायला सांगतात. चिठ्ठी हातात पडली की मेडिकलच्या दुकानात जायच्या आधी त्याच रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जा. पुअर बॉक्स चॅरिटी फंड तिथेच असतो, आणि कुठली विश्वस्त संस्था या महिन्यात किती देतेय हे त्यांना माहीत असतं. बाहेरून आणलेल्या औषधाची पावती नंतर दाखवून पैसे परत मिळतील ही आशा धरू नये.


हिशोबी

मुख्यमंत्री सहाय्यता निधीतही डायलिसिस आहे ना? की आधी सगळं भरून मग अर्ज करायचा?


समाजसेवा_विभाग

आहे, पण क्रम उलटा. झालेल्या उपचारांचे पैसे परत मिळत नाहीत. उपचार चालू असताना रुग्णालयाकडून खर्चाचं अंदाजपत्रक घ्यायचं, त्यावर डॉक्टरची सही आणि शिक्का, तहसीलदारांचा १ लाख ६० हजारांच्या आतला उत्पन्न दाखला, रुग्णाचा दाखल असतानाचा जिओटॅग फोटो. मंजूर रक्कम रुग्णालयाच्या खात्यात जाते. आणि तिथे पहिला प्रश्न हाच असतो की फुले योजनेतून का नाही झालं? म्हणून नामंजुरीचं पत्र जपून ठेवा. 'योजनेत बसत नाही' असं नुसतं तोंडी सांगितलेलं कुठेच चालत नाही.


लेखाशीर्ष

वरच्या सगळ्या प्रतिसादांत उत्पन्नाचा दाखला आलाय, त्यावर एक महत्त्वाचं. दाखल्यावर वैधता ३१ मार्चपर्यंत लिहिलेली असते. शहरी गरीबचं कार्डही ३१ मार्चला संपतं. म्हणजे १ एप्रिलला रुग्णाकडे दाखला नाही, म्हणून कार्ड नाही, आणि डायलिसिस तर २ एप्रिलला आहे. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे, पण एप्रिल-मे-जूनमध्ये शाळा-कॉलेजच्या प्रवेशांची गर्दी सेतूवर असते आणि त्या मुदतीवर भिस्त ठेवता येत नाही.

उपाय दोन. आपले सरकार पोर्टलवर अर्ज करताना तीन वर्षांचा दाखला मागा, एक वर्षाचा नको. तलाठ्याचा उत्पन्न अहवाल आणि स्वयंघोषणापत्र मार्चच्या शेवटच्या आठवड्यातच तयार ठेवा आणि १ एप्रिललाच अर्ज टाका. आणि मार्च अखेरीस भरती चालू असेल तर ३१ मार्चच्या तारखेचं अंतरिम बिल काढायला सांगा. दोन आर्थिक वर्षांचं एकच बिल लेखापरीक्षणात अडकतं आणि रुग्णालय तो फरक रुग्णाकडे मागतं.


कृष्णाकाठ

स्थानिक संस्थांनी दिव्यांगांसाठी राखलेल्या ५ टक्के निधीतून डायलिसिसला पैसे मागणारे अर्ज येतात, ते नाकारले जातात आणि लोक चिडतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल, थॅलसेमिया, हिमोफिलिया आहेत, मूत्रपिंड निकामी होणं नाही. त्यामुळे थॅलसेमियाच्या मुलाला ग्रामपंचायतीच्या त्या निधीतून मदत देता येते आणि शेजारच्या डायलिसिसवाल्याला नाही. अन्याय आहे, पण ग्रामसेवकाशी भांडून उपयोग नाही.

केरळने या बाबतीत वेगळी वाट धरली. २००८ च्या परिहारोपचार (पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दीर्घ आजारात त्रास कमी करणारी शुश्रूषा) धोरणात त्यांनी घरी जाऊन शुश्रूषा करणारी परिचारिका हा थेट पंचायतीच्या खर्चाचा भाग केला. दीर्घ आजार म्हणजे रुग्णालयाचं बिल एवढंच नाही, हे तिथे ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात दिसतं. आपल्याकडे ते अजून वैयक्तिक लाभाच्या यादीतच आहे.


मांजरी_फाटा

पावत्यांबद्दल आभारी आहे ताई. वाखुसा (वाचनखूण साठवली). अजून एक: एसटीत डायलिसिसवाल्यांना सवलत आहे म्हणतात, ती सोबतच्या माणसाला पण आहे का?


पर्वतीपायथा (धागाकर्ती)

एसटीच्या साध्या गाड्यांत डायलिसिसच्या रुग्णाला प्रवास मोफत आहे. सोबतच्याचं तिकीट काढायची तयारी ठेवा. रेल्वेत मात्र डायलिसिस किंवा प्रत्यारोपणासाठी जाणाऱ्या मूत्रपिंडाच्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला, दोघांनाही सवलत आहे: स्लीपर, चेअरकार आणि थर्ड एसीत ७५ टक्के, सेकंड आणि फर्स्ट एसीत ५० टक्के. रेल्वेचा ठरलेला नमुना रुग्णालयाकडून भरून, सही-शिक्क्यासह न्यायचा. रुग्णालयाच्या साध्या लेटरहेडवर खिडकीतला माणूस तिकीट देत नाही, त्यामुळे नमुन्याच्या दोन-तीन प्रती एकदमच सही करून घ्या.